सहा पूर्णांक एक

पणजीहून मला फॉर्म देऊन पाठवलं,
हातमोज्यांचे दोन जोड, मुखपट्टी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या.
जुवें गावात, कोमुनिदादीच्या कोठारात
कपाट सरकवताना मागे एक डबा सापडला होता.

नाव: निम्मं गंजानं खाल्लेलं.
उरलेल्या अक्षरांवरून, फिनाइल मर्क्युरिक ॲसिटेट.
क्रमांक: सोळाशे चौऱ्याहत्तर.
इथं पेन जरा अडखळलं.
शाळेत हे साल घोकलेलं, राज्याभिषेकाचं,
आणि आता हे.
वर्ग: सहा पूर्णांक एक, विषारी.
इशारा-शब्द: धोका.
गिळल्यास घातक. कातडीला लागल्यास भाजतं.
थोडं थोडं, बरेच दिवस, पोटात गेल्यास
मूत्रपिंडं.
जलचरांना अतिविषारी, परिणाम दीर्घकाळ.

चित्रं चार.
कवटी. हातावर सांडणारी परीक्षानळी.
छातीत चांदणी फुटलेला माणूस.
चौथ्यात निष्पर्ण झाड आणि उलटा पडलेला मासा.

"हो खंयचो मासो?" फिदेलिसनं विचारलं.
कोमुनिदादीचा कारकून, किल्ल्या त्याच्याकडे.
शेवटो म्हणावा तर तोंड तसं नाही,
चणकही नव्हे.
मी म्हटलं, कुठलाच नाही. सगळेच.

मग सरस्पती आली,
परकरात सात शिरांची भेंडी घेऊन,
आणि डबा बघून ओळखीचं हसली.
"बाय, हें आमचें बियांचें वखद."
कोरगुटाचं बी ती कालवायची, मोठ्या घमेल्यात,
कोपरापर्यंत हात घालून.
हात लाल व्हायचे. पोरं म्हणायची, सरस्पतीचं लगीन.
तसेच धुवून दुपारची पेज.

लाल का, माहीत होतं तिला:
कुणी खाऊ नये म्हणून.
पण एका साली बी उरलं, अर्धं पोतं,
आणि तिनं ते धुतलं.
तीन पाण्यांनी. चौथं पाणी स्वच्छ आलं.

रंग धुतला की जातो.
पारा बसून राहतो दाण्यात,
घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा, न बोलता.

माणसांना नाही घातलं, ती म्हणाली. दोनदा म्हणाली.
कोंबड्यांना घातलं.
आठ दिवसांनी कोंबड्या गोल गोल फिरू लागल्या,
मान वाकडी करून, जणू जमिनीत काही ऐकत.
अकरा होत्या.
"खंय पुरल्यो?"
तिनं हनुवटीनं दाखवलं, मानशीकडे,
जिथं ओहोटीला पोंय उघडी पडते
आणि आत्ताही दोन पोरगे जाळं झटकत होते.

फॉर्मवर याला रकाना नाही.
मी तरी समासात लिहिलं:
चिखलात बारीक जंतू असतात,
ते पाऱ्याला दुसरं रूप देतात, जास्त वाईट.
मग सुंगटं, मग शेवटे, मग चणक,
वरच्या पायरीवर थोडा अधिक.
अकरा कोंबड्यांचा किती, इतक्या वर्षांनी किती,
मला ठाऊक नाही. तपासावं लागेल.
साहेब समास वाचत नाहीत.

चित्रातला मासा मेलेला दिसतो, तेवढंच त्याचं चांगलं.
पोरग्यानं वर धरलेला
चकाकत होता, कल्ले लालभडक,
बाजारात कुणीही म्हटलं असतं, ताजा.

डबा दोन पिशव्यांत बांधला. सील केला.
विल्हेवाट: अधिकृत संस्थेकडे, पावती जोडली आहे.
हातमोजे काढताना बाहेरची बाजू
कातडीला लागू द्यायची नसते,
मनगटापासून उलटे सोलायचे, आधी एक, मग
उघड्या बोटानं दुसऱ्याच्या आत शिरून.
सरस्पती टक लावून बघत होती.
"सोरपाची कात," ती म्हणाली.
मग, "आमकां कोणें दिवंक ना."

हात धुवायला तिनंच पाणी घातलं.
तिचे हात थरथरतात.
डॉक्टर म्हणतो, वय.
असेलही. मला तसं लिहिता येणार नाही
आणि तसं नाही असंही लिहिता येणार नाही.
तांब्या हलत होता
आणि पाणी कधी माझ्या मनगटावर,
कधी बाजूच्या चिखलात पडत होतं.